रानभेंडीचा गुण परभणी क्रांतीत उतरला, मग रानतुरीचा तुरीत का उतरत नाही?

माळरान

मंडळी, भेंडीवरच्या केवड्याबद्दल, म्हणजे पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या विषाणूच्या रोगाबद्दल, इथे दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. फवारणी कोणती घ्यावी, पांढरी माशी कशी आवरावी, यावर भरपूर लिहून झालंय. मला त्यामागची गोष्ट मांडायची आहे. ती मराठवाड्यात घडली, आणि मराठवाड्यातच ती फारशी कुणाला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं.

केवड्याची पहिली नोंद १९२४ सालची, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातली. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, शिरांची जाळी स्पष्ट दिसू लागते, मग सगळं पान पिवळं होतं आणि शेवटी फळही पिवळट, राठ निघतं. बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. दिल्लीच्या पुसा सावनी वाणाने काही वर्षं आराम दिला. त्या वाणात विषाणू शिरला तरी लक्षणं दिसत नसत. पुढे तोही पिवळा पडू लागला आणि लागवडीच्या भेंडीत खात्रीचा प्रतिकार सापडेना. तो होता तिच्या रानटी भाऊबंदांत.

परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट या रानटी जातीशी केला. त्यांचा निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाला. संकराच्या पहिल्या पिढीतली झाडं रोगाला दाद देत नव्हती, आणि अर्धवट का होईना बी धरत होती. दुसऱ्या पिढीत आणि भेंडीशी परत केलेल्या संकरांत निरोगी-रोगट झाडांची जी विभागणी झाली, त्यावरून त्यांनी दाखवलं की हा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकामुळे येतो. त्याच कामातून परभणी क्रांती हा वाण निघाला.

'एकच' आणि 'प्रभावी' या दोन शब्दांत पैदासकाराचं निम्मं नशीब असतं. प्रभावी गुण एका मात्रेतही, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच जनुक आला तरी दिसतो. म्हणजे भेंडीशी परत संकर केला की निम्मी रोपं निरोगी राहणार, आणि ती नुसत्या डोळ्यांनी निवडता येणार. तीच पुढच्या संकराला घ्यायची, बाकीची उपटायची.

निवड मात्र दुहेरी करावी लागते. रानटी बापाकडून नुसता प्रतिकार येत नाही. आखूड, जाडसर फळ येतं, फळावरची टोचरी लव येते, खोलवर कातरलेली पानं येतात. केवडा नसलेलं पण हाताला टोचणारं फळ तोडणीवाल्या बायका घेणार नाहीत. निरोगी झाडांतली लांब, कोवळ्या फळांची झाडं शोधत पिढ्यान् पिढ्या पुढे जावं लागतं.

आता प्रश्न. आपल्या डोंगरउतारांवर गवताला वेटोळे घालणारी रानतूर दिसते. तिच्या शेंगांवर दाट लव असते आणि घाटेअळी तिच्या वाटेला फारशी जात नाही. भेंडीत जे जमलं ते तुरीत का जमू नये? जाणकारांनी लिहावं.

---

गावशिवार

छान धागा. परभणी क्रांती आमच्याकडे वर्षानुवर्षं होती, पण ती रानभेंडीची लेक आहे हे आज कळलं. अलीकडे मात्र तिच्यावरही केवडा दिसतो, तो का? दुसरं असं की आमच्या ओढ्याकाठी रानभेंडी आहे. मी बी घरचंच धरतो. तिचा परागकण येऊन माझं बियाणं बिघडेल का?

---

पैदासकार

माळरान, प्रश्न नेमका विचारलात. मी तुरीच्या पैदाशीत नोकरी केली, तेव्हा तुरीपुरतं सविस्तर लिहितो.

आधी जमेची बाजू. लागवडीच्या भेंडीत गुणसूत्रं साधारण १३०, आणि मॅनिहॉटमध्ये ६० ते ६८. इतका फरक असला की संकरित झाडात परागकण बनताना गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, आणि बी कमी धरतं. तुरीत ही अडचण नाही. तूर आणि तिचे रानटी नातेवाईक, सगळ्यांत २२. पुण्यात देवडीकर आणि ठकार यांनी १९५६ साली तूर आणि सरळ वाढणाऱ्या रानतुरी यांच्या गुणसूत्रांतलं साम्य दाखवलं होतं. तेव्हा रानतुरी अ‍ॅटिलोशिया या वेगळ्या प्रजातीत धरत. पुढे १९८० च्या दशकात व्हॅन डर मेसेन यांनी अ‍ॅटिलोशिया तुरीच्याच कॅजॅनस प्रजातीत विलीन केली.

संकर करायला तूर किचकट. तुरीचं फूल उमलायच्या आधीच आतले परागकोश फुटतात. म्हणून उद्या उमलणारी, पिवळट झालेली पण घट्ट मिटलेली कळी निवडायची. पाकळ्या चिमट्याने हलकेच बाजूला करायच्या. आत दहा पुंकेसर, नऊ एका नळीत जुळलेले आणि दहावा सुटा. दहाही काढायचे. एक राहिला तरी ती शेंग स्वपरागाची निघू शकते आणि कष्ट वाया जातात. मग दुसऱ्या झाडाचा पराग कुक्षीवर लावायचा आणि कळीला रंगीत दोरा बांधायचा. इतकं करूनही बहुतेक कळ्या गळून जातात.

माळरान म्हणतात ती वेटोळे घालणारी रानतूर म्हणजे कॅजॅनस स्कॅराबिऑइडिस. तुरीशी तिचा संकर होतो आणि बी धरतो. पहिल्या पिढीचं झाड पाहिलं की तूरवाल्याचा धीर खचतो. फांद्यांचे शेंडे आधार शोधत वळतात, पानं लहान, शेंगा केसाळ आणि आखूड, बी बारीक, काळपट ठिपक्यांचं. रानटी शेंग वाळली की दोन्ही फाका पिळल्यासारख्या उलगडतात आणि बी दूर उडतं. रानात हे गुण झाडाला जगवतात, शेतात तेच नुकसान करतात. बीचं कवच इतकं कठीण की खरवडल्याशिवाय नीट उगवत नाही.

लवेबद्दल. तुरीच्या शेंगेवर एकाच प्रकारचे केस नसतात. काही केसांच्या टोकाशी ग्रंथी असते, त्यातून स्राव येतो, आणि तो अळीला उलट आकर्षित करतो. काही केस ग्रंथीविना, आखूड आणि दाट असतात. ते कोवळ्या अळीला शेंगेच्या सालीपर्यंत पोचू देत नाहीत. स्कॅराबिऑइडिसमध्ये हे दुसऱ्या प्रकारचे केस फार दाट. हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत झालेल्या संकरांच्या अभ्यासात हा गुण प्रभावी निघाला आणि त्याची विभागणीही साधी होती. म्हणजे इथपर्यंत भेंडीसारखंच.

पण घाटेअळी शेंगेवर येण्याआधी कळ्या आणि फुलं खाते. शेंगेवरची लव फुलाला वाचवत नाही. शिवाय केवडा झालेलं झाड लांबूनही ओळखू येतं, तर अळीचा प्रादुर्भाव एका वर्षी प्रचंड आणि पुढच्या वर्षी नगण्य. ज्या वर्षी अळीच नाही, त्या वर्षी चांगलं झाड कोणतं हे ठरवायचं कशावरून? लवकर फुलणारं झाड अळी येण्याआधी निसटतं आणि आपण त्याला प्रतिकारक समजून बसतो. तुरीच्या पैदाशीतलं खरं दुखणं हे आहे. गुण वारशाने येतो, पण त्याची दरवर्षी खात्रीने पारख करता येत नाही.

---

कृषीकन्या

पैदासकार सर, मन लावून वाचतेय. मी सध्या एम. एस्सी.ला आहे. आम्हाला शिकवतात की पश्चसंकरात, म्हणजे लागवडीच्या वाणाशी परत परत केलेल्या संकरात, रानटी वाटा दर पिढीला निम्मा होतो: ५० टक्के, मग २५, मग १२.५, मग ६.२५. तीन-चार पश्चसंकरांत बारीक बी आणि फुटणारी शेंग आपोआप का जात नाही? आणि रानटी झाड आई म्हणून वापरलं की बाप म्हणून, याने काही फरक पडतो का?

---

पैदासकार

कृषीकन्या, ते आकडे संपूर्ण झाडाची सरासरी आहेत. आपण ज्या जनुकासाठी निवड करतोय, त्याच्या आजूबाजूला हा हिशेब लागू पडत नाही. तो जनुक दर पिढीत मुद्दाम राखला जातो, म्हणून त्याच गुणसूत्रावरचा शेजारचा रानटी तुकडाही त्याच्यासोबत राहतो. उसाची मोळी उचलली की पाचट सोबत येतंच, तसं. हा तुकडा तुटायला गुणसूत्रांची अदलाबदल नेमकी त्या जागी व्हावी लागते. त्यासाठी झाडांची संख्या मोठी ठेवावी लागते किंवा डीएनए मार्कर, म्हणजे जनुकाजवळच्या ओळखखुणा, लावून हवी ती झाडं रोपावस्थेतच हेरावी लागतात. बारीक बी हा तर एका जनुकाचा मामला नाहीच. अनेक जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात आणि ती ठिकठिकाणी विखुरलेली असतात.

आई-बापाचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण तुरीत रानटी नातेवाईकाचा सगळ्यात मोठा उपयोग तिथेच झाला.

बीजांडातून केंद्रक येतं, तसंच पेशीद्रव्यही येतं. मायटोकॉन्ड्रिया त्यातच असतात. परागकणातून जवळजवळ फक्त केंद्रकच येतं. कॅजॅनस कॅजॅनिफोलियस ही रानतूर आपल्या तुरीच्या सर्वांत जवळची, तिची पूर्वजच मानली जाते. तिचा पट्टा बस्तर-ओडिशाकडचा. इक्रिसॅटमध्ये सक्सेना आणि सहकाऱ्यांनी तिला आई केलं आणि पराग तुरीचा दिला. संततीत काही झाडं अशी निघाली की त्यांचे परागकोश रिकामे, बीजांड मात्र धडधाकट. त्यांच्यावर पुन्हा पुन्हा तुरीचाच पराग वापरत गेलं की केंद्रक जवळजवळ पूर्ण तुरीचं होतं, पेशीद्रव्य मात्र रानटी आईचंच राहतं. झाड, पान, शेंग, बी सगळं तुरीचं, आणि तरी नर वंध्य. हा गुण ३ ला १ किंवा १ ला १ अशा कुठल्याच हिशेबात बसत नाही. आईकडे आहे, तर सगळ्या लेकरांकडे.

वंध्य झाडांना पराग कुणाचा द्यायचा, यावर पुढचं ठरतं. तुरीचे काही वाण पराग देतात तेव्हा संतती वंध्यच राहते. ते वंध्य ओळ टिकवायला कामाचे. काही वाणांच्या केंद्रकात प्रजननक्षमता परत आणणारी जनुकं असतात, त्यांचा पराग दिला की संकरित झाड भरपूर शेंगा धरतं. यावर आधारलेला आयसीपीएच २६७१ हा संकरित वाण २०१० साली मध्य प्रदेशात प्रसारित झाला.

त्याआधी १९९१ साली आयसीपीएच ८ आला होता. त्यातलं वंध्यत्व केंद्रकातल्या अप्रभावी जनुकामुळे होतं. त्यामुळे मादी ओळीतली निम्मी झाडं सुपीक निघायची. ती फुलोऱ्यात ओळखून, एकेक तपासून उपटायची. बीजोत्पादकाला हा खर्च झेपेना आणि वाण मागे पडला. वंध्यत्व दोन्हीकडे आहे, पण एकीकडे तो वारसा केंद्रकातून येतो आणि दुसरीकडे पेशीद्रव्यातून. एवढ्या फरकाने एक वाण शेतात टिकण्याजोगा ठरला, दुसरा नाही.

---

पाडेगावकर

उसाचा उल्लेख झालाच आहे तर लिहितो. आई-बापाचा हिशेब उसात आणखी निराळा चालतो.

कोइमतूरला बार्बर आणि वेंकटरामन यांनी १९१२ साली वेल्लई हा जाड, गोड ऊस आई म्हणून घेतला आणि ओढ्याकाठी वाढणाऱ्या रानटी कासेच्या जातीचा, म्हणजे सॅकरम स्पाँटेनियमचा पराग त्यावर वापरला. त्यातून को २०५ आला. तो १९१८ पासून पंजाबात लावला गेला आणि तिथल्या काठा उसापेक्षा बराच जास्त उतरला.

जाड उसात गुणसूत्रं ८०, कोइमतूरच्या कासेत ६४. दोघांनी निम्मी निम्मी दिली असती तर लेकरात ४० आणि ३२ मिळून ७२ झाली असती. प्रत्यक्षात को २०५ मध्ये ११२ आहेत. म्हणजे आईने आपली सगळी ८० दिली आणि बापाने निम्मी, ३२. हा प्रकार जावात ब्रेमर यांनी १९२० च्या दशकात उलगडून दाखवला. त्याचा फायदा असा की पहिल्याच संकरात गोडव्याचं पारडं जड राहतं, आणि कासेकडून काटकपणा, फुटवे आणि खोडव्याची ताकद मिळते. जाड उसाशी पुढचे संकर केले की रानटी वाटा आणखी घटतो. आज आपण लावतो त्या उसांत रानटी गुणसूत्रांचा वाटा साधारण १० ते २० टक्के असतो, आणि खोडवा तग धरतो तो मुख्यतः त्याच्या जोरावर.

---

बीजसखी

सगळ्यांचं वाचलं, माहिती मोलाची आहे. पण माझं मत वेगळं आहे आणि ते मांडते.

परभणी क्रांती हा सरळ वाण. बी घरी धरता येतं, गावशिवार दादा तेच करताहेत. संकरित तुरीचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागणार. कोरडवाहू शेतात ज्वारी-तुरीची आंतरपीक पद्धत घेणाऱ्या बाईच्या घरात गाडग्यात, राखेत ठेवलेलं बियाणं असतं. तिच्या दृष्टीने रानतुरीचा हा उपयोग म्हणजे तिच्या हातातलं बी काढून घेणं आहे. रानटी झाडं आपल्या सगळ्यांच्या डोंगरावरची. त्यांच्या गुणांचा लाभ साठवता येणाऱ्या बियाण्यातून आधी मिळाला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. आणि रोगप्रतिकार सरळ वाणात आणता येतो हे परभणीने दाखवलंच आहे ना?

---

माळरान

बीजसखी ताई, तुमचा मुद्दा मला पटतो. फक्त तुरीचं घरचं बी शुद्ध राहतं हे गृहीत धरू नका. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीकरण चांगलंच होतं, काही ठिकाणी वीस-पंचवीस टक्के आणि त्याहून जास्तही. शेजारच्या शेतात दुसरा वाण असेल तर चार-पाच वर्षांत आपला वाण ओळखू येत नाही. मर आणि वांझ रोगाला टिकणारा म्हणून आणलेला वाण पुढे मर दाखवू लागतो, त्याचं हेही एक कारण आहे.

---

सह्यभटक्या

यावर एक माहिती. घाटमाथ्याच्या उतारांवर, कारवीच्या मोकळ्या जागांत एक सरळ वाढणारं झुडूप दिसतं. तीन पर्णिका, अंगावर करडी लव, पिवळी फुलं. ही कॅजॅनस लिनिएटस. हिच्याशी तुरीचा संकर केल्यावर त्यातून अशी ओळ मिळाली की तिची फुलं पराग पडून जाईपर्यंत जवळजवळ मिटलेलीच राहतात. मधमाशीला आत शिरताच येत नाही. परपरागीकरण एक टक्क्याच्याही खाली. पैदासकार सर, हा गुण कसा उतरतो हे तुम्ही सांगाल का?

---

पैदासकार

बरी आठवण केलीत. हा गुण एका अप्रभावी जनुकाचा आहे. भेंडीच्या केवड्याच्या नेमका उलट. पहिल्या पिढीत सगळी फुलं नेहमीसारखी उघडतात, जणू गुण आलाच नाही. दुसऱ्या पिढीत चारातलं एक झाड मिटल्या फुलांचं निघतं. पश्चसंकर करताना तर तो पूर्ण लपतो. दर वेळी एक पिढी स्वपरागाची घेऊन तो बाहेर काढावा लागतो. काम दुप्पट लांबतं, पण एक सोय आहे. अप्रभावी गुण दिसला की ते झाड त्या गुणापुरतं शुद्धच असतं.

प्रभावी गुणात ही सोय नाही. भेंडीच्या दुसऱ्या पिढीतल्या चार झाडांपैकी तीन निरोगी, पण त्या तिघांतलं एकच शुद्ध. उरलेली दोन पुढच्या पिढीत पुन्हा रोगट रोपं देतात. म्हणून प्रत्येक निरोगी झाडाचं बी वेगळ्या ओळीत पेरायचं, आजूबाजूला लवकर बळी पडणारा वाण लावून पांढरी माशी येऊ द्यायची, आणि ज्या ओळीत एकही झाड पिवळं पडत नाही ती ठेवायची.

बीजसखी ताई, तुम्ही म्हणता त्या घरच्या बियाण्याला मिटल्या फुलांचा गुण फार उपयोगी आहे. त्यावर सरळ वाणाच्या अंगाने जास्त काम व्हावं, या मागणीत मी तुमच्यासोबत आहे.

---

कृषीकन्या

सर, लवेबद्दल एक शंका राहिली. ट्रायकोग्रामा, म्हणजे अळीच्या अंड्यांत वाढून ती मारणारी मित्रमाशी, आपण अंड्यांवर सोडतो. तुरीवर लव आणखी दाट झाली तर त्या बारीक माशीलाही चालता येणार नाही ना?

---

पैदासकार

योग्य शंका. तुरीच्या शेंगांवर आणि फुलोऱ्यावर ट्रायकोग्रामाचं काम आजही फार थोडं होतं, केसांमुळे आणि चिकट स्रावामुळे. शेजारच्या ज्वारीच्या कणसावर तीच माशी घाटेअळीची अंडी चांगली शोधते. म्हणून लव वाढवताना स्रावाचे केस कमी आणि बिनस्रावाचे जास्त, अशी निवड करायची. नुसतं 'केसाळ झाड' निवडलं तर फसगत होते.

---

सह्यभटक्या

एक विनंती. इक्रिसॅटच्या जनुकपेढीत तुरीचे १३ हजारांहून जास्त नमुने आहेत, त्यांत रानटी नमुने पाचशेच्या आसपास. म्हणजे लिनिएटस, सेरिसियस यांसारख्या जातींचे थोडेच. आपल्याकडे या झुडपांना शेंगा येऊन बी तयार होतं ते पावसाळा सरल्यावर, आणि पाठोपाठ वणवे लागतात. डोंगराच्या एकाच उतारावर दरवर्षी आग लागली की तिथली जात संपते. गावच्या जैवविविधता नोंदवहीत तुमच्या रानतुरीची, रानभेंडीची नोंद आहे का, हे ग्रामपंचायतीत जाऊन बघा. नसेल तर करायला लावा.

---

माळरान

गावशिवार दादा, तुमचे प्रश्न मधे राहून गेले. ओढ्याकाठच्या रानभेंडीची काळजी करू नका. गुणसूत्रांत इतका फरक असताना तिच्या परागाने आपोआप धडधाकट बी तयार होणं अवघड. खरी भेसळ शेजारच्या लागवडीच्या भेंडीची होते. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या भेंडीपासून २०० मीटर अंतर ठेवतात. तेवढं रान नसेल तर बियाण्याच्या झाडांवर संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्यांना पातळ कापडाची पिशवी बांधा. भेंडी स्वपरागानेही फळ धरते, पिशवी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर काढली तरी चालते.

परभणी क्रांतीवर केवडा दिसण्यामागे दोन गोष्टी आहेत. बी मिसळत गेलं ही एक. दुसरी, प्रतिकार एका जनुकावर उभा असला की विषाणूने आपलं रूप बदललं की तो एकदम ढासळतो. बंगळूरच्या बागवानी संस्थेने अर्का अनामिकासाठी टेट्राफायलस ही वेगळी रानटी जात वापरली. दोन रानटी जातींकडून आलेले वेगवेगळे जनुक एकाच वाणात जोडता आले तर तो जास्त टिकेल, असं मला वाटतं. तुमच्या शेतात पिवळ्या झाडांच्या मधे एखादं शेवटपर्यंत हिरवं राहिलेलं झाड दिसलं तर त्याचं बी वेगळं धरा, आणि पुढच्या हंगामात वेगळ्या ओळीत पेरून काय दिसतं ते इथेच लिहा.